रोही (नीलगाय) धडकून स्प्लेंडरचं पुढचं वाकलं. पल्सरचे शॉकप बसतील का?

बसतात भाऊ, पण नुसते शॉकप आणून भागत नाही. टी (दोन्ही शॉकप धरून हँडलला जोडणारा भाग), चाक, एक्सल, ब्रेकचं कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर सगळं एकाच गाडीचं घ्या. खरी अडचण टीच्या दांड्याची: त्याची लांबी आणि कोन सेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं) माप तुमच्या चेसिसशी जुळलं पाहिजे. यवतमाळला जुन्या पार्टच्या दुकानात जाताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) न्या. दांडा कापून वेल्डिंग मारतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला स्पष्ट नाही म्हणा. तो जोड खड्ड्यात तुटला तर जीवावर बेतेल. रोहीच्या धडकेत चेसिसची हँडलची नळीही वाकते, ती आधी तपासा. मी असतो तर स्प्लेंडरचाच जुना सेट शोधला असता. आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाही, विम्याचा दावाही अडू शकतो.