गोल नंतर मोजा, आधी शॉट मोजा

फँटसी हॉकी : वाचकांचे प्रश्न

सीझन सुरू होऊन सहा आठवडे झाले की माझ्या टपालाचा सूर बदलतो. ऑक्टोबरात लोक विचारतात, ‘कोणाला घेऊ?’ नोव्हेंबर निम्मा सरला की विचारतात, ‘कोणाला काढू?’ या वेळी पत्रांतल्या खेळाडूंची नावं मी गाळली आहेत. तुमच्या लीगमधली माणसंही हा अंक वाचतात, त्यांना तुमचा डाव आयता कशाला सांगायचा? आकडे मात्र तुमचेच ठेवलेत. नव्या वाचकांसाठी एवढंच : फँटसी हॉकीत आपण एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर (गोल, असिस्ट, शॉट, हिट अशा एकेका कॅटेगरीत) एकमेकांशी झुंजतो. सीझनआधी खेळाडू वाटून घेतात तो ड्राफ्ट; कोणाच्याच संघात नसलेले वेव्हरवर असतात. एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तीन फॉरवर्डची तुकडी म्हणजे लाइन : मधे सेंटर, दोन बाजूंना विंगर, आणि पहिली लाइन सगळ्यात मानाची.

आमची बारा संघांची लीग आहे. वेव्हरवर एक तिसऱ्या लाइनचा विंगर पडून आहे. गेल्या ९ सामन्यांत त्याने २० शॉटवर ७ गोल केलेत. उलट ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत घेतलेल्या माझ्या सेंटरने १९ सामन्यांत ६८ शॉट मारले आणि गोल फक्त ४. सेंटरला सोडून विंगर घेऊ का? आज रात्रीच ठरवायचं आहे.

नका घेऊ. निदान त्या सेंटरच्या बदल्यात तरी नका. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याचं याहून चांगलं उदाहरण मला शोधूनही सापडणार नाही.

तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा हिशेब मांडू. मी पोटासाठी लोकांचे ताळेबंद तपासते, त्यामुळे ही खोड जात नाही. विंगरचे २० शॉट आणि ७ गोल, म्हणजे ३५ टक्के. एनएचएलमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. लिऑन ड्रायसाइटलसारखा नेमबाज वर्षानुवर्षं १८ टक्क्यांच्या आसपास राहतो, पण तसे लोक बोटांवर मोजण्याइतके. ३५ टक्के कोणालाच टिकत नाहीत. तुमच्या सेंटरचे सहा टक्केही नाहीत, आणि इतके कमी आकडे चांगल्या खेळाडूला फार दिवस चिकटून राहत नाहीत.

आता पुढचे ६३ सामने बघा. दोघांनाही सारखेच, म्हणजे ११ टक्के धरू. विंगर सामन्याला सव्वादोन शॉट मारतो, म्हणजे उरलेल्या सीझनमध्ये पंधराएक गोल. सेंटर साडेतीनच्या वर मारतो, म्हणजे पंचवीस. वर त्याच्या असिस्ट (गोलाआधी दिलेले पास) वेगळ्या, पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण वेगळे. शॉट ही स्वतंत्र कॅटेगरी असेल तर ती आठवड्यामागून आठवडा तोच तुम्हाला जिंकून देतोय, गोल होवोत न होवोत.

याला अपवाद झालेले आहेत, ते लपवत नाही. विल्यम कार्लसनने २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून ६ गोल केले होते. पुढच्या वर्षी वेगासच्या नव्या संघात त्याने १८४ शॉटवर ४३ गोल ठोकले, २३ टक्क्यांच्या वर! ‘हे टिकणार नाही’ म्हणून ज्यांनी त्याला डिसेंबरात विकलं ते एप्रिलपर्यंत चरफडत बसले असतील. त्याच्या पुढच्या वर्षी गोल झाले २४. शॉट किती, तर १६९. म्हणजे शॉट फारसे घटलेच नव्हते. पण कार्लसनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बदलली होती आणि ती उघड दिसत होती : वेगासने त्याला पहिल्या लाइनवर, चांगल्या विंगरांच्या मधे खेळवलं. तुमचा विंगर अजून तिसऱ्याच लाइनवर आहे ना? त्याचा आइस टाइम (बर्फावरची मिनिटं) वाढलाय का, पॉवर प्लेवर त्याला उतरवतायत का, एवढं बघा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते सात गोल आता दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जमा झालेले आहेत, तुमच्या येणार नाहीत.

गोठलेल्या खेळाडूला धरून ठेवल्याचं फळ काय मिळतं, यासाठी मिका झिबानेजाद आठवा. २०२०-२१ चा छोटा सीझन जानेवारीत सुरू झाला. त्याआधी त्याला कोविड होऊन गेला होता आणि पहिले दोन महिने त्याच्या काठीतून गोल निघता निघत नव्हते. मग १७ मार्चला फिलाडेल्फियाविरुद्ध एकाच पिरियडमध्ये (वीस मिनिटांच्या भागात) त्याने सहा गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले, लीगच्या विक्रमाची बरोबरी. आठवड्याभराने पुन्हा त्याच फिलाडेल्फियाविरुद्ध सहा. सीझन संपला तेव्हा ५६ सामन्यांत ५० गुण! त्याला फेब्रुवारीत वेव्हरवर टाकणाऱ्यांना त्या दोन रात्री झोप लागली नसणार.

एक पथ्य मात्र पाळा. सेंटरचे शॉट घटू लागले, किंवा कोचने त्याला पहिल्या पॉवर प्लेवरून उतरवलं, तर माझं हे उत्तर रद्द समजा. शॉट तेवढेच असून गोल होत नसतील तर थांबायचं. शॉटच आटले तर कुठेतरी दुखतंय किंवा काहीतरी बिनसलंय. आणि विंगर हवाच असेल तर बाकावरच्या शेवटच्या माणसाला काढून घ्या. दोन आठवडे तो चालला तर तेवढाच फायदा.

ताई, माझे दीर आणि मी एकाच लीगमध्ये आहोत. माझ्या पहिल्या लाइनच्या स्टार विंगरच्या बदल्यात ते दोन खेळाडू देतायत : एक भरपूर हिट करणारा (प्रतिस्पर्ध्यांना अंगाने धडका देणारा) विंगर आणि एक बऱ्यापैकी दुसऱ्या लाइनचा सेंटर. हिट मी आत्ताही दर आठवड्याला तीस-चाळीसच्या फरकाने जिंकते. असिस्ट आणि पॉवर प्लेमध्ये मात्र हरते. घरात वाद नको, म्हणून हो म्हणू का?

दिरांना चहा द्या, नाश्ता द्या, स्टार विंगर देऊ नका.

‘एकाला दोन’ हे ऐकायला घसघशीत वाटतं. पण तुमच्या संघात जागा तेवढ्याच. दोन आले की तुमच्याकडचा आणखी एक जण बाहेर काढावा लागणार, म्हणजे खरा सौदा दोनाला दोन. दिरांच्या संघात मात्र एक जागा मोकळी होते आणि तिथे ते वेव्हरवरचा सगळ्यात चांगला खेळाडू उचलतात. हे त्यांना नक्की माहीत आहे. म्हणूनच त्यांनी विचारलंय.

दुसरं असं की, हिट चाळीसने जिंका नाहीतर एकाने, कॅटेगरी एकच मिळते. वरचे एकोणचाळीस वाया. तुमच्याकडे हिटची श्रीमंती आहे, तर ती विकायची. आणखी कशाला घेता? २०२४-२५ मध्ये व्हँकुव्हरच्या कीफर शेरवूडने एका सीझनमध्ये ४६२ हिट केले. आधीचा विक्रम नॅशव्हिलच्या जेरेमी लॉझॉनचा होता, ३८३. म्हणजे नुसता मोडला नाही, पार मागे टाकला. शिवाय शेरवूडचे १९ गोलही होते. असा माणूस हिटमध्ये तळाला असलेल्या संघासाठी सोन्याचा, तुमच्यासाठी शोभेचा. तुमच्या लीगमध्ये हिटमध्ये सतत कोण हरतंय ते शोधा, त्याच्याकडे पॉवर प्लेवर खेळणारा सेंटर आहे का बघा, आणि तुमचा एक हिटवाला पुढे करून बोलणी सुरू करा.

आणि दिरांना नकार देताना कारण सांगत बसू नका. कारण सांगितलं की ते दुसरा प्रस्ताव त्याप्रमाणे बेतून आणतात. माझ्या घरात हेच चालतं.

गोलकीपरमुळे माझं वाटोळं होतंय. गुरुवारपर्यंत जिंकत असतो आणि शनिवारी एकजण सहा गोल खातो. आघाडीवर असताना त्यांना बसवलं तर ते रडीचं होईल का?

रडीचं कसलं? लीगच्या नियमात बसतं तेवढं सगळं रास्त. बहुतेक लीगमध्ये आठवड्याला गोलकीपरचे किमान सामने ठरलेले असतात. ते भरले की पुढचा सामना खेळवायचा की नाही, हा तुमचा प्रश्न.

समजा पहिल्या दोन सामन्यांत दोन-दोन गोल खाल्ले. सामन्यामागे खाल्लेल्या गोलांची सरासरी २.००. तिसऱ्यात सहा खाल्ले की ती थेट ३.३३ होते. चार गोल खाऊन पहिल्याच पिरियडनंतर त्याला बाहेर काढलं, तर तुम्हाला वाटेल बरं झालं, कमी खाल्ले. पण मिनिटंही कमी पडतात आणि सरासरी ३.४३ वर जाते. म्हणून शुक्रवारी रात्री वही काढा. विजयांत पुढे आहात, सरासरीत आणि सेव्ह (अडवलेल्या शॉटच्या) टक्केवारीतही पुढे, तर बसवा. विजयांत मागे असाल तर खेळवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण विजय घरबसल्या येत नाहीत.

तुमचा शनिवार बिघडण्याचं कारण बहुधा वेळापत्रकात आहे. संघाला लागोपाठ दोन रात्री सामने असले की कोच गोलकीपर वाटून घेतात, आणि दुसऱ्या रात्री दमलेल्या बचावफळीमागे कोणीतरी उभा असतो. तो तुमचा माणूस असेल तर विचार करा. सकाळच्या सरावात जो गोलकीपर बर्फावरून आधी बाहेर येतो तोच सहसा रात्री खेळतो. संघांचे बातमीदार ते दुपारच्या आत कळवतात.

नवा शोधत असाल तर नावापेक्षा कोचचा भरवसा कोणावर बसतोय ते पाहा. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी सेंट लुईस सगळ्या लीगमध्ये तळाला होतं. चारच दिवसांनी, ७ तारखेला, जॉर्डन बिनिंग्टनला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं आणि त्याने फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. सीझनअखेर त्याचे २४ विजय होते आणि सरासरी १.८९; जूनमध्ये संघाने स्टॅनली कपही (एनएचएलचं विजेतेपद) नेला. पहिल्या शटआउटनंतर त्याला घेणं ही लॉटरी होती. पण कोच त्याला पुन्हा पुन्हा उतरवू लागल्यावरही जे थांबून राहिले, त्यांची मला कीव येत नाही.

वेव्हरवरून चांगला डिफेन्समन कसा हेरायचा? सगळे सारखेच दिसतात.

हल्ली जवळपास प्रत्येक संघाच्या पहिल्या पॉवर प्लेवर चार फॉरवर्ड आणि एकच डिफेन्समन असतो, आणि पॉवर प्लेच्या दोन मिनिटांतला मोठा वाटा हेच पाच जण खातात. एनएचएलमध्ये ३२ संघ, म्हणजे खऱ्या अर्थाने मोलाच्या जागा बत्तीसच. तेव्हा खेळाडू हेरू नका, जागा कधी रिकामी होते ते हेरा. दुखापत, ट्रेड, कोचची लहर, काहीही कारण असो.

२८ फेब्रुवारी २०२३ ला एडमंटनने टायसन बॅरीला नॅशव्हिलला देऊन टाकलं. बॅरी ज्या पॉवर प्लेवर होता तो त्या वर्षी ३२.४ टक्क्यांनी चालला. लीगच्या इतिहासात त्याहून वरचा आकडा नव्हता. जागा मिळाली इव्हान बुशार्डला. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये (नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याने १२ सामन्यांत १७ गुण केले आणि पुढच्या पूर्ण सीझनमध्ये ८२. बॅरी गेल्याची बातमी फुटली त्या संध्याकाळी बुशार्ड अनेक लीगमध्ये फुकट मिळत असणार. एडमंटनच्या मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल या हुकमी जोडीला पास देणाऱ्याला असिस्ट मिळणारच, यात हेरगिरी ती काय!

जखमी स्टारला किती दिवस धरून ठेवावं? संघ फक्त ‘अपर बॉडी’ (कमरेच्या वर कुठेतरी दुखापत) म्हणतोय.

एनएचएलचे संघ याहून जास्त सांगत नाहीत, त्यामुळे शब्दांपेक्षा यादी पाहा. साध्या इंजर्ड रिझर्व्हवर (जखमींची यादी, म्हणजे आयआर) टाकलं तर निदान ७ दिवस बाहेर. लाँग टर्मवर टाकलं तर निदान २४ दिवस आणि १० सामने. तुमच्या लीगमध्ये आयआरची जागा मोकळी असेल तर प्रश्नच नाही, ठेवा. बाकावरची जागा अडवत असेल तर तुमच्या गुणतालिकेकडे बघा : तळाला असलेल्याला महिनाभर वाट पाहणं परवडत नाही.

आणि ‘प्लेऑफला परत येईल’ या बातमीवर भुलू नका. निकिता कुचेरॉवच्या खुब्यावर डिसेंबर २०२० मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२०-२१ चा अख्खा नियमित सीझन तो बाहेर होता. प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला उतरला, ३२ गुण करून सगळ्यांच्या पुढे राहिला, त्याच्या टॅम्पाने कप जिंकला. ज्यांनी त्याला फँटसीत वर्षभर जपलं त्यांच्या हाती शून्य, कारण आपला खेळ नियमित सीझनबरोबरच आटोपतो.

काकू, मी सातवीत आहे. बाबांचा संघ माझ्याहून वाईट आहे तरी ते दर आठवड्याला मला हरवतात. ते नक्की काय करतात?

वेळापत्रक बघत असणार, लबाड! मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी खूप सामने असतात. त्या दिवशी तुझे जवळजवळ सगळेच खेळतात आणि चांगले दोन-तीन जण बाकावर बसून वाया जातात. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, रविवारी सामने कमी, तेव्हा तुझ्या जागा रिकाम्या पडतात. तुझे बाबा त्या रिकाम्या जागांत वेव्हरवरचे साधे खेळाडू बसवत असतील. आठवड्याच्या शेवटी त्यांचे बरेच सामने जास्त भरतात, म्हणजे शॉटही जास्त, हिटही जास्त.

दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक घेऊन बस. बाकावरचा सगळ्यात कमी खेळणारा एकच माणूस काढ, आणि कमी सामन्यांच्या दिवशी ज्याचे दोन-तीन सामने आहेत असा एक घे. तुमच्या लीगमध्ये आठवड्याला किती बदल करता येतात ते आधी वाच. सगळे सोमवारीच संपवू नकोस, एक रविवारसाठी राखून ठेव. बाबांना हे पान दाखवायची गरज नाही.