जुळं आहे, म्हणजे झोपूनच राहायचं का?

"मॅडम, जुळं आहे. आता हिला पलंगावरून उतरू द्यायचं नाही ना?" प्रश्न सासूबाईंचा. सून शेजारी गप्प. सोळावा आठवडा, नोकरी शाळेत, आणि जुळं कळल्यापासून जिन्याला बंदी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"काकू, आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा," मी म्हटलं. जुळ्यांत मला सगळ्यात आधी वार (बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव, प्लासेंटा) एक आहे की दोन, ते बघायचं असतं. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत ते सर्वांत स्पष्ट दिसतं. हिच्या रिपोर्टमध्ये 'मोनोकोरिऑनिक डायअम्निऑटिक' होतं, म्हणजे वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. त्याचा अर्थ घरात कुणीच विचारला नव्हता. जोडकेळं कधी खाल्लं, याची चौकशी मात्र झाली होती!

एकाच वारेवर दोघं वाढतात तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्या आत जोडलेल्या असतात. अशा शंभरातल्या दहा-पंधरा गर्भारपणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळतं आणि दोघंही धोक्यात येतात. आईला बाहेरून फारसं काही कळत नाही. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची. वेळेत सापडलं तर लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. वारा दोन असत्या तर महिन्याला एक सोनोग्राफी सहसा पुरली असती.

"इतक्यांदा मशीन लावलं तर बाळांना बाधेल की." नाही बाधत काकू, त्यात क्ष-किरण नसतात.

राहिली विश्रांती. नुसतं पडून राहिल्याने जुळ्यांची अकाली प्रसूती टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांआधीच येतात. आई झोपून असो वा हिंडती. मी सुनेला शाळा चालू ठेवायला सांगितलं, फक्त खुर्चीवर बसून शिकवायचं. पोट चार दिवसांत एकदम ताणलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. हे मी नवऱ्यालाही फोनवर ऐकवलं. रात्री गाडी त्यालाच काढायची होती.

बत्तिसाव्या आठवड्यात एका बाळाची वाढ मागे पडलेली दिसली. मग डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, वरचेवर झालं. चौतिसाव्यात डॉक्टरांनी सिझर ठरवलं आणि त्याआधी बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. वजनं २.१ आणि १.६ किलो. धाकटी काही दिवस काचेच्या पेटीत, नळीने दूध. नंतर छातीशी धरून कांगारू पद्धतीने ऊब द्यायला सासूबाईही पाळीपाळीने बसल्या.

परवा सुनेचा फोन आला: सात महिने झाले, दोघी अजून बसत नाहीत. मी तिला प्रसूतीची मूळ तारीख विचारली. वय तिथून मोजायचं, म्हणजे मुली साडेपाच महिन्यांच्याच.