वैमानिक उडी का मारत नसत?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमान कोसळताना वैमानिक शेवटपर्यंत जागा सोडत नसे, असं वाचलं. पॅराशूट असताना उडी का मारत नसत? की या मागाहून रचलेल्या गोष्टी? – एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : पोवई नाक्यावर चहाला बसलो की आम्हा साताऱ्याच्या पेन्शनरांतही हा वाद निघतो. मी हवाई दलात फिटर होतो, लोहगावला कॅनबेरा या बाँबफेकी विमानावर काम केलंय, म्हणून आधी यंत्राचं सांगतो. एक इंजिन बंद पडलेलं विमान सरळ राहतं, कारण वैमानिक हातापायांनी कंट्रोल दाबून धरतो. सोडले की विमान कलंडून गरगरत खाली येतं, आणि आतल्या माणसाला दारापर्यंत सरकताही येत नाही. म्हणजे बाकीचे बाहेर पडेपर्यंत एकाला बसावंच लागतं.

लेस्ली मॅन्सर या इंग्रज वैमानिकाचंच घ्या. वय वर्षं 20. 30 मे 1942 च्या रात्री इंग्रजांनी जर्मनीतल्या कोलोन शहरावर हजारावर विमानं सोडली, त्यात याचं दोन इंजिनांचं मँचेस्टर विमान होतं. बाँब टाकले नि विमानाला तोफेचा मार बसला. मागचा गनर जखमी, डावं इंजिन तापत चाललेलं. तेव्हाच सगळे पॅराशूटनं सुखरूप उतरले असते, पण गड्याला विमान घरी न्यायचं होतं. (हा पोरसवदा हट्टच, माझ्या मते.) बेल्जियमवर विमान उंची धरेना, तेव्हा त्यानं उड्या मारायला सांगितलं. त्या काळी पॅराशूटचं गाठोडं वेगळं असे, ऐनवेळी छातीवरच्या पट्ट्यांना अडकवायचं. दुसऱ्या वैमानिकानं ते आणून मॅन्सरला लावायला घेतलं. त्यानं हातानंच त्याला पिटाळलं. सहा जण वाचले, मॅन्सर विमानाबरोबर गेला.

रचलेल्या गोष्टी म्हणाल, तर सहांपैकी पाच जण बेल्जियन लोकांच्या मदतीनं लपतछपत इंग्लंडला पोचले. त्यांनी सांगितलं म्हणून त्याच ऑक्टोबरात मॅन्सरला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झालं. एप्रिल 1944 मध्ये नॉर्मन जॅक्सन हा इंजिनियर आग विझवायला उडत्या लँकेस्टर बाँबरच्या पंखावर उतरला आणि वाचलाही. पण तो आणि त्याचे वाचलेले सोबती जर्मनांच्या कैदेत, त्यामुळे त्याचा क्रॉस 1945 उजाडल्यावर. इंग्रजांच्या बाँबर दलात विमानातून जाणाऱ्या सुमारे सव्वा लाख जणांपैकी 55 हजारांवर मेले. ज्या विमानांतून एकही परतला नाही, त्यांतल्या वैमानिकांची साक्ष द्यायला कुणी उरलंच नाही.