चार वर्षांच्या पोरावर लगेच शिक्का नको

ताई, पोरगा एका जागी बसत नाही म्हणून लगेच एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) म्हणू नका. तेच वागणं घरी आणि बालवाडीतही, निदान सहा महिने टिकून आहे का ते बघा. कान आणि झोप आधी तपासून घ्या. रात्री घोरणारी मुलंही कधी कधी दिवसा अशीच वागतात.

या वयात पहिला उपचार गोळी नाही, आईवडिलांचं प्रशिक्षण. "पसारा आवर" असं लांबून ओरडू नका. जवळ जा, डोळ्यांत बघून "गाड्या टोपलीत टाक" एवढंच सांगा, टाकल्या की तिथल्या तिथे शाबासकी. आजीआजोबांनीही हेच करायला हवं, मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तरीही त्रास फार राहिला तरच डॉक्टर मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा विचार करतात. खर्चाची काळजी असेल तर सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा.