नवं घर आणि सुटलेला ओटा

प्रश्न : ताई, पंचवटीतल्या एका वाड्यात आम्ही २१ वर्षं भाड्याने राहिलो. दोन खोल्या, सामाईक संडास, सकाळी तासभर पाणी. गेल्या दिवाळीआधी पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मला रडू आवरलं नाही. सुरुवातीला तर रात्री उठून नुसता नळ सोडून बघायचो. चार महिन्यांत सगळं ओसरलं. हप्ता वेळेवर जातो, घरात भांडण नाही, पण काही वाटतच नाही. इथे सगळे दारं लावून बसतात, संध्याकाळ सरत नाही. बायको म्हणते, ‘तुम्हाला कशाचंच सुख नाही.’ मी कृतघ्न झालोय का?
– एक वाचक (वय ४८), नाशिक

उत्तर : नाही. नळाबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. रसाचा थेंब अवचित मिळाला की त्या पेशी जोरात चेतायच्या. तोच रस ठरल्यासारखा मिळू लागला की मिळूनही गप्प राहायच्या, आणि चुकला तर पार मंदावायच्या. तुमच्या मेंदूला आता पाणी येणार हे पाठ झालंय. ते आल्याचं काही वाटणार नाही, गेलं तर मात्र चिडचिड होईल.

अमेरिकेत १९७८ साली ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना प्रश्न विचारले होते. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते, उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी भरली. माणसं थोडी होती, त्यामुळे या अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण तुमच्यासारखी पत्रं मला इतकी येतात, की हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही हे मी खात्रीने सांगते.

आता उरलेलं निम्मं. ‘दारं लावून बसतात’ हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले. वाड्यात तुमची संध्याकाळ ओट्यावर जात असणार. नळाचा आनंद ओसरला ती सवय. ओटा सुटला ते नुकसान. दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे तुम्ही सगळा दोष स्वतःच्या स्वभावावर टाकलात.

आम्ही गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला गेलो, तेव्हा आईला स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या नव्या कडाप्प्याचं कौतुक महिनाभर पुरलं. त्यानंतर तिने दर उन्हाळ्यात पापड लाटायला चाळीतल्या बायकांना घरी बोलवायचं ठरवलं. लोकलने पोळपाट घेऊन यायच्या. फरशी रोज तीच असते, माणूस रोज वेगळं काही सांगतो. म्हणून माणसांची सवय इतक्या लवकर होत नाही, असं मला वाटतं.

तेव्हा घरात आणखी वस्तू आणू नका. येत्या रविवारी वाड्यातल्या एका जुन्या बिऱ्हाडाला जेवायला बोलवा. मात्र झोप, भूक, कामातलं लक्ष हेही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि हे उत्तर बायकोला वाचायला द्या. तिचाही ओटा सुटलाय. त्याबद्दल तिला कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात तरी मला दिसलं नाही.