जपानला निघण्याआधी सांगलीत नीट जेव

जपानला जायला अजून महिना आहे ना? मग आधी आपल्या सांगलीतल्या खानावळीत बस. ताट आलं की पांढरा रस्सा गरम असतानाच वाटी तोंडाला लावून पी. मटणाचं अळणी सूप आणि नारळाचं दूध यांवर त्याची सगळी चव उभी असते, निवला की ती बसते. तांबडा त्यानंतर, भाकरी कुस्करून. लिंबू लगेच पिळू नकोस, पहिला घास आहे तसाच खा.

हीच सवय तिकडे कामाला येईल. रामेन, म्हणजे तिकडचं नूडल्स घातलेलं सूप, तेही गरमच खायचं असतं. नूडल्स सुर्रकन आवाज करत ओढल्या तरी कुणी वाईट मानत नाही, मला तर ते फार आवडलं. टिप ठेवू नकोस, तिथे तशी रीत नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस, तो अंत्यविधीतला प्रकार आहे. आई शाकाहारी आहे, तिच्यासाठी मिसो सूपसुद्धा विचारूनच घे: त्यातल्या ‘दाशी’त, म्हणजे सूपाच्या मूळ पाण्यात, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो.

परत आलास की घरी ये. भडंग, कांदा आणि चहा घेऊन बसू, काय काय खाल्लंस ते सविस्तर सांग.