हॅम रेडिओचा परवाना मिळाला, पण नेटवर बोलायला धीर होत नाही. पहिलं चेक-इन (हजेरी) कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलसाइन (स्टेशनची ओळख असलेली अक्षरं-अंक) मिळून महिना झाला, रोजचं नेट, म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी हॅम मंडळींची बैठक, न चुकता ऐकता, पण माईक हातात घेतला की घसा कोरडा पडतो. सगळ्यांसमोर चुकलो तर, ही धास्ती. मी यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्या ऑपरेटरला बोलायला सुरुवात करायला नेटइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर सीक्यू (‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक) पुकारलं तर कोण उत्तर देईल, काय विचारेल, काहीच ठरलेलं नसतं. नेटवर मात्र तुमचं ऐकून घ्यायला एक माणूस मुद्दाम बसलेला असतो, नेट कंट्रोल. तो यादी लिहीत असतो आणि सुरुवातीला त्याला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, कॉलसाइन. तेवढंच द्या आणि बटण सोडा. नाव, ठिकाण, सेट कुठला, अँटेना कुठली, हे त्याने तुम्हाला पुन्हा हाक दिल्यावर.

माझं पहिलं चेक-इन अर्धवट गेलं होतं. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबता दाबताच मी बोलायला लागलो. रिपीटरला (आपला सिग्नल घेऊन पुन्हा प्रसारित करणाऱ्या स्टेशनला) आपला टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर) ओळखून ट्रान्समीटर सुरू करायला क्षणभर लागतो, आणि नेमकी त्या क्षणात माझी पहिली अक्षरं गेली. पलीकडे पोचलं ते फक्त ‘रोमिओ माईक’, म्हणजे आर आणि एम. नेट कंट्रोल शांतपणे म्हणाले, “शेवटी रोमिओ माईक असलेलं स्टेशन, पुन्हा एकदा या.” कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. दुसऱ्या वेळी मी बटण दाबलं, मनातल्या मनात ‘एक’ म्हटलं आणि मग बोललो. आजही तसंच करतो. सोडतानाही शेवटचं अक्षर पुरतं तोंडातून बाहेर पडू द्या.

कॉलसाइन फोनेटिक्समध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी ठरलेल्या शब्दांत, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं कॉलसाइनही आठवत नाही. बी, डी, पी, टी ही अक्षरं खरखरीत सारखीच ऐकू येतात. ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो ऐकताना घोटाळा होत नाही. मनाने नवे शब्द जोडू नका, प्रमाण शब्दच वापरा.

आता हाक देऊनही उत्तर आलं नाही तर? नवी माणसं इथेच खचतात, आणि विनाकारण खचतात. रिपीटर तुम्हाला खणखणीत ऐकू येतो म्हणजे तुम्हीही त्याला तसेच ऐकू जाता, असं नसतं. त्याची अँटेना उंचावर असते आणि पॉवरही जास्त. तुमच्या हातात पाच वॅटचा सेट आणि आखूड रबरी अँटेना. त्यामुळे आधी टोन आणि ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सींतला फरक) तपासा. दोन मीटर बँडवर ऑफसेट बहुधा ६०० किलोहर्ट्झचा असतो, आणि तो अधिक की उणे हेही पाहा. टोन चुकला तर रिपीटर तुमच्याकडे लक्षच देत नाही. मग खिडकीजवळ जा आणि अँटेना उभी धरा. बोलताना सेट तिरका करायची सवय असते, त्यानेही सिग्नल पडतो. शिवाय एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो, किंवा नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणजे तुम्हाला कुणी टाळलेलं नसतं. जरा थांबा, पुढच्या फेरीत पुन्हा या.

एचएफवरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह बँडवरच्या, नेटची गोष्ट थोडी निराळी. चाळीस मीटरवर एलएसबी (लोअर साइडबँड), वीस मीटरवर यूएसबी (अपर साइडबँड), ही रीत लक्षात ठेवा. सेट किंवा अँटेना ट्यून करायची तर नेटच्या फ्रिक्वेन्सीवर कधीही करू नका, सेटसाठी डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा भार) वापरा आणि अँटेना दूरच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर कमी पॉवरने ट्यून करा. कुणाचं बोलणं चालू असताना मध्येच ती लांबलचक शीळ आली की फार त्रास होतो. इथे नेट कंट्रोल तुम्हाला ऐकू येईलच असंही नाही, कारण स्किपमुळे (लहरी आकाशातून परतून मधला भाग ओलांडतात, त्यामुळे) जवळचं स्टेशन हरवतं आणि लांबचं स्वच्छ येतं. अशा वेळी मधलं एखादं स्टेशन तुमचं कॉलसाइन रिले करतं. त्याचे आभार मानायला विसरू नका.

पाळी आल्यावर थोडक्यात बोला. सांगण्यासारखं काही नसेल तर “आज फक्त हजेरी, ऐकतोय” एवढं पुरतं. सिग्नल रिपोर्ट मात्र खरा द्या. सगळ्यांना फाइव्ह नाइन (स्पष्ट आणि जोरदार) वाटत सुटलात तर अँटेना सुधारू पाहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. दोन बोलण्यांमध्ये क्षणभर जागा सोडा, कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असू शकतो. तसा निरोप आलाच तर नेट कंट्रोल सांगेपर्यंत बटणाला हात लावू नका. मध्येच उठायचं असेल तर नेट कंट्रोलला सांगून, सेव्हन्टी थ्री (शुभेच्छा) म्हणून जा, नाहीतर तो यादीप्रमाणे तुम्हाला हाका मारत बसतो.

बऱ्याच नेटवर पहिल्यांदा येणाऱ्या स्टेशनांना वेगळी हाक दिली जाते. आज ती ऐका. हाक दिल्यावर जरा शांतता होते, तेव्हा बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा आणि कॉलसाइन द्या.